आमच्या डिफेन्सला बसणारा पोरगा शोधताना

मार्च २०२४. आमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम कॉन्फरन्स टुर्नामेंटमध्ये (आमच्या गटातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत) हरली आणि रात्री बसनं परत येताना पोरं हुडी डोक्यावर ओढून गप्प बसली होती, पण पुढच्या दोन सीटवर असिस्टंट कोचेसचे फोन काही बंद होत नव्हते. मी मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याच मॅचच्या क्लिप्स कापत होते, तेवढ्यात एकानं मागे वळून विचारलं की १८ तारखेच्या आत तुझी खेळाडूंची शीट तयार होईल ना. १८ मार्चला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडणार होतं.

थोडं मागे जाते. मी नागपूरची. युनिव्हर्सिटी टीमकडून बास्केटबॉल खेळले, मग ऑगस्ट २०२३ ला डेटा ॲनालिटिक्समध्ये एमएस करायला अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत आले. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळातली सगळ्यात वरची पातळी, पण टीव्हीवर रोज दिसणारी मोठी टीम नाही, ज्याला इथं मिड-मेजर म्हणतात तशी. नाव सांगत नाही कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात पोरांच्या खासगी गोष्टी आहेत. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मेन्स टीमच्या ऑफिसला मेल टाकला की मला स्टुडंट मॅनेजर व्हायचंय, काहीही काम द्या. सुरुवातीला टॉवेल, बाटल्या, शूटिंगच्या वेळी रिबाऊंड करून बॉल परत देणं, जिम पुसणं. दिवाळीच्या सुमारास कोणाला तरी समजलं की हिला कोडिंग येतं, मग मला व्हिडिओ रूममध्ये बसवलं, एफ-वन व्हिसावर आठवड्याचे २० तास काम चालतं तेवढे तास. आणि वसंत आला तसं त्या रूममध्ये नुसती भरती सुरू झाली.

मला सिस्टीमसाठी पोरं आणायची ही कल्पनाच नवीन होती. आमच्याकडे नागपूरला काय व्हायचं, ट्रायल्सला साठ-सत्तर मुली यायच्या, त्यातून सर निवडायचे, मग कॅम्प लागायचा, आणि ज्या बारा जणी हाती आल्या त्यांच्याकडे बघून सर ठरवायचे की यंदा झोन खेळायचा (प्रत्येकीनं आपली जागा सांभाळायची) का मॅन-टू-मॅन (प्रत्येकीनं एक खेळाडू धरायची), उंच मुली असतील तर झोन, पळणाऱ्या असतील तर प्रेस, संपलं. इथं उलटं. सिस्टीम आधी ठरलेली, हेड कोच वीस वर्षं तेच शिकवतोय, तेच त्याचं नाव आहे, त्याच्यासाठीच त्याला नोकरी दिलीय, आणि त्यात बसेल असा माणूस देशभरातून, हल्ली तर जगभरातून शोधायचा.

आमचा कोच पॅक लाईन डिफेन्स खेळवतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन पॉइंटच्या रेषेच्या आत, बास्केटपासून साधारण १६ फुटांवर एक न आखलेली रेषा समजायची. बॉलवर असलेला एकच डिफेंडर बाहेर जाऊन दबाव टाकतो, बाकीचे चौघं त्या रेषेच्या आत, पासिंग अडवायला धावायचं नाही, ड्राइव्ह येईल ती वाट बुजवून उभं राहायचं, आणि आपल्या माणसाला बॉल गेला की धावत जाऊन, शेवटची दोन पावलं छोटी टाकून, हात वर करून त्याच्यासमोर थांबायचं. याला क्लोजआऊट म्हणतात आणि आमच्या प्रॅक्टिसमध्ये रोज एवढे क्लोजआऊट व्हायचे की मला झोपेतही बुटांचा तो आवाज यायचा. कोच डिक बेनेट यांनी हे बसवलं, त्यांचा मुलगा टोनी बेनेट यांनी व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत याच्यावर टीम उभी केली, २०१८ ला पहिल्या मानांकनाची टीम असून सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या यूएमबीसी या कॉलेजकडून ७४-५४ अशी हरली, असं पुरुषांच्या टुर्नामेंटमध्ये त्याआधी कधीच झालं नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी २०१९ ला तीच सिस्टीम घेऊन चॅम्पियन झाली. आमच्या कोचच्या ऑफिसमध्ये या दोन्ही मॅचेसचं बोलणं आठवड्यातून एकदा तरी निघायचंच.

तर शीट. तेव्हा टीमला १३ स्कॉलरशिप असायच्या (२०२५ पासून नियम बदललाय, बऱ्याच कॉलेजांना त्याऐवजी रोस्टरची, म्हणजे एकूण खेळाडूंची, मर्यादा १५ झालीय). आमचे तीन सीनियर संपले, पोर्टल उघडल्यावर चार जण बाहेर पडले. म्हणजे सात जागा. पोर्टलचं काम असं चालतं की खेळाडू आपल्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियम सांभाळणाऱ्या) सांगतो, दोन कामकाजाच्या दिवसांत त्यांनी नाव टाकायचं, नाव दिसलं की मगच बाकीच्यांनी बोलायचं. त्या वर्षी ४५ दिवसांची खिडकी होती. आणि एप्रिलमध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेनं, नियमच बदलला, अभ्यासात पास असेल तर कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळता येईल, त्यामुळे जे थांबले होते तेही आले. नावं शेकड्यांनी येत होती, रोज सकाळी उठून बघितलं की कालची शीट जुनी झालेली. काहींच्या नावापुढे संपर्क करू नका अशी खूण असते, म्हणजे त्यांचं आधीच कुठेतरी ठरलेलं.

माझी पहिली शीट साफ चुकली होती.

मी काय केलं, पॉइंट्स, रिबाऊंड, स्टील्स (समोरच्याकडून बॉल हिसकावणं), ब्लॉक्स, शूटिंग टक्केवारी सगळं घेऊन एक स्कोर काढला आणि वरून खाली लावला. कोचनं पाच मिनिटं बघितली, पेन घेतलं आणि स्टील्सच्या कॉलमवर काट मारली. मला वाटलं चुकून. तर तो म्हणाला की जो गार्ड मॅचला अडीच स्टील्स करतो तो बहुतेक वेळा जागा सोडून बॉलवर झडप घालतो, एकदा मिळतो तीनदा निसटतो, आणि निसटतो तेव्हा मागच्या चौघांना त्याची चूक भरावी लागते, आमच्या डिफेन्सला हा माणूस नको. मग ऑफेन्सिव्ह रिबाऊंडवर, म्हणजे आपल्याच टीमचा चुकलेला शॉट परत मिळवण्यावर, काट. का, तर आमची टीम शॉट टाकला की तीन जण कधीकधी चार जण लगेच मागे पळतात, समोरच्याला फास्ट ब्रेक द्यायचाच नाही हे पहिलं कलम, मग ज्या बिगची (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची) अर्धी किंमत ऑफेन्सिव्ह बोर्डात आहे त्याला आपण इथं आणून काय करणार. मी नागपूरला ज्या दोन गोष्टींवर टाळ्या मिळवल्या त्याच दोन गोष्टी इथं खाली जाणाऱ्या होत्या. ती रात्र मी ते परत परत आठवत बसले, कारण खेळ तोच होता आणि चांगला खेळाडू कोण याचं उत्तर मात्र कोचगणिक बदलत होतं.

पॉइंट्सचंही तसंच. आम्ही संथ खेळतो, मॅचला एका टीमला ६३-६४ पझेशन्स, म्हणजे बॉल हातात यायच्या पाळ्या. ज्या टीम धावतात त्यांना ७२-७३ मिळतात. तिकडे १७ पॉइंट्स करणारा इकडे आपोआप १४-१५ वर येणार, काही न बिघडता. शिवाय ते १७ येतात कुठून हे बघावं लागतं. सिनर्जी नावाचं सॉफ्टवेअर आहे त्यात प्रत्येक पझेशनला लेबल असतं, पिक अँड रोल, स्पॉट अप (जागेवर उभं राहून शॉट), ट्रान्झिशन (बॉल मिळताच पळत जाऊन हल्ला), कट (बॉलशिवाय आत धावणं), पोस्ट अप. एक गार्ड सगळ्यांना आवडला होता, त्याच्या पॉइंट्सचा मोठा वाटा ट्रान्झिशनमधून होता. आमच्याकडे ट्रान्झिशन जवळजवळ नाहीच. म्हणजे त्याला इथं आणायचं आणि ज्याच्यावर तो जगतो तेच काढून घ्यायचं. मग दुसऱ्या शीटमध्ये मी सगळं १०० पझेशन्समागे केलं, ट्रान्झिशन वेगळं काढलं, स्पॉट अप आणि कट वर आणलं, फाऊल किती करतो ते आणलं, आणि स्टील्सचा कॉलम ठेवलाच पण लाल रंगात.

तरीही शीटनं फक्त यादी छोटी होते. बाकी सगळं फिल्म. बाहेर जाऊन बघायची परवानगी फक्त कोचेसना असते, आम्ही व्हिडिओवाले रूममध्येच. मला असं शिकवलं गेलं की बॉलकडे बघू नकोस. ऐकायला सोपं आहे, करून बघा, डोळे आपोआप बॉलमागे जातात. मी स्क्रीनच्या अर्ध्या भागावर वही धरायचे, खरंच. बॉल पलीकडच्या बाजूला आहे तेव्हा हा काय करतो, आत आलाय का, हात दाखवून बाजूच्याला काही सांगतोय का, तोंड हलतंय का. शॉट पडला की पहिली तीन पावलं कुठे टाकतो. वीसनं मागे असताना दुसऱ्या हाफची शेवटची आठ मिनिटं कसा उभा राहतो. कोचनं बाहेर काढल्यावर बेंचवर कुठे बसतो हे कॅमेऱ्यात कधी येतं कधी नाही.

अशानंच आम्हाला तो लेफ्टी गार्ड सापडला. डिव्हिजन टूचा, जेमतेम सहा फूट एक इंच, नऊ पॉइंट्स, स्टील्स जवळपास नाहीत, माझ्या पहिल्या शीटमध्ये तो पहिल्या चारशेतही नव्हता. त्याच्या कॉलेजच्या साध्या स्ट्रीमवरची फिल्म, एकच कॅमेरा, आवाज चालू होता आणि प्रेक्षक कमी, त्यामुळे त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. प्रत्येक पझेशनला बोलत होता. गॅप, गॅप, आय ॲम हेल्प, स्क्रीन लेफ्ट. त्याचे शब्दसुद्धा आमचेच, कारण त्याचा कोच पॅक लाईनच खेळवायचा. मी २२ क्लिप्स कापून असिस्टंट कोचला दिल्या आणि त्याच्या दारात उभी राहिले, तो बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे. दोन दिवसांनी हेड कोचनं स्वतः फोन केला त्याला.

(त्याच सीझनला, म्हणजे २०२४-२५ ला, ड्रेक युनिव्हर्सिटीत हेच मोठ्या प्रमाणावर झालेलं सगळ्यांनी बघितलं. कोच बेन मॅकॉलम नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटसारख्या डिव्हिजन टूच्या कॉलेजमधून ड्रेकला आला, येताना आपले चार खेळाडू घेऊन आला, देशात सगळ्यात संथ खेळले आणि ३१ मॅचेस जिंकले, एनसीएए टुर्नामेंटमध्ये मिझुरीला ६७-५७ हरवलं. त्या पोरांना सिस्टीम शिकवायचीच नव्हती, ती त्यांच्या अंगात होती. नंतर तो आयोवाला गेला तर त्या चौघांतला बेनेट स्टर्ट्झ त्याच्यामागे तिकडेही गेला. मॅकॉलमबद्दल मला मनापासून आदर आहे.)

कॅम्पस व्हिजिट्समध्ये मी फार नव्हते, जेवणाच्या वेळी कधीतरी, आणि जिममध्ये बॉल पास करायला. दोन रात्री राहतात, आईवडील असतात सोबत. मला वाटलं होतं पैशांचंच बोलणं होईल, तेही होतं, एनआयएल, म्हणजे खेळाडूंनी स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा, २०२१ पासून आहे आणि आमच्याकडे मोठ्या कॉलेजांच्या मानानं पैसा कमी, त्यावरून बरीच नावं गेली. पण आया काय विचारायच्या? डिग्री पूर्ण होईल का, आधीच्या कॉलेजचे किती क्रेडिट्स धरले जातील, दुखापत झाली तर डॉक्टर कोण. घरी व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर आई म्हणाली अगं हे तर स्थळ बघण्यासारखंच झालं की, आणि मग लगेच विचारलं, मुलाला स्पष्ट सांगता का तुम्ही सगळं आधी? मी हो म्हणाले. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

आता त्या बिगबद्दल. हे लिहायचं म्हणूनच खरंतर बसले.

मे उजाडला, सहा जागा भरल्या होत्या आणि आमच्याकडे सेंटर नव्हता. यादीतले चौघं बिग एकेक करून मोठ्या कॉलेजांनी उचलले. उरलेल्यांत एक होता, सहा फूट नऊ, भयंकर कष्टाळू, ऑफेन्सिव्ह रिबाऊंडमध्ये त्याच्या कॉन्फरन्समध्ये वरच्या नंबरांत. म्हणजे कोचनं काट मारलेल्या कॉलमवाला. मी त्याची फिल्म तीन रात्री बघितली आणि मला तो आवडला, आवडला म्हणजे त्याचा खेळ बघून मला माझे दिवस आठवले, शॉट हवेत असतानाच तो माणसाला पाठीवर घेऊन आत घुसायचा. रिपोर्टच्या शेवटी मी लिहिलं की पाय चांगले आहेत, मागे पळायची सवय नाही पण शिकवता येईल. हे शेवटचं वाक्य मी लिहिलं. कोणी मला लिहायला लावलं नाही.

व्हिजिटसाठी मी दोन क्लिप फाईल्स केल्या होत्या. एक, आमच्या ऑफेन्समध्ये तुला बॉल कुठे मिळेल. दुसरी, आमचे बिग शॉट टाकल्यावर काय करतात, म्हणजे वळून पळतात. पहिली दाखवली. दुसरी उघडलीच नाही, वेळ नव्हता म्हणाले, आणि खरं कारण सगळ्यांना माहीत होतं की ही बघून तो गेला असता. त्याला सांगितलं गेलं की तुझी एनर्जी आम्हाला हवीय. तो आणि त्याचे वडील माझ्याशीही हात मिळवून गेले. मी खोलीत होते आणि बोलले नाही.

जूनपासून प्रॅक्टिस. पोरगा ऐकणारा होता, मान हलवायचा, ड्रिलमध्ये बरोबर करायचा. पण मॅचमध्ये शॉट हवेत गेला की त्याचे पाय आतच जायचे, दहा-बारा वर्षं जे शरीरात भिनलंय ते चार महिन्यांत जात नाही. तो आत, समोरचे बॉल घेऊन पलीकडे, आमचे चार विरुद्ध त्यांचे पाच. डिसेंबरमध्ये एका मॅचमध्ये पहिल्या हाफमध्ये असं तीनदा झालं, कोचनं त्याला बाहेर काढलं आणि नंतर तो फार खेळलाच नाही, आठ मिनिटं, सहा मिनिटं, कधी शून्य. आणि त्याच्यात वाईट हे की जेव्हा तो मुद्दाम मागे पळायला लागला तेव्हा तो कोणीच राहिला नाही, ना रिबाऊंडर ना डिफेंडर, कोर्टवर विचार करत उभा दिसायचा. जानेवारीत एकदा रात्री तो व्हिडिओ रूममध्ये आला, म्हणाला माझ्या जुन्या कॉलेजच्या क्लिप्स लावशील का. आम्ही चाळीस मिनिटं बघितल्या. तो काही बोलला नाही, मी पण नाही. जाताना थँक यू म्हणाला.

मी पुढच्या आठवड्यात असिस्टंट कोचकडे जाऊन सांगितलं की ती दुसरी फाईल दाखवायला हवी होती. तो चिडला नाही. म्हणाला मग आपण सेंटरशिवाय खेळलो असतो. हे खरं आहे. मला त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही, पण मला आजही वाटतं की सिस्टीम तुझ्याकडून काय काढून घेणार हे पोराला आधी दिसलं पाहिजे, आणि मग त्यानं ठरवावं.

अजून एक मुलगा आहे ज्याचा मला विसर पडत नाही. हायस्कूलमधून आलेला, पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे मॅच खेळायची नाही फक्त शिकायचं. पॅक लाईनला हाच रस्ता जुना होता, डिआंद्रे हंटर व्हर्जिनियात २०१६-१७ ला असाच बसला होता आणि २०१९ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम खेळाडू निवडतात त्यात) चौथा गेला. आमच्या ह्या पोराला रोटेशन्स हेड कोचइतक्या पाठ होत्या, स्काऊट टीममध्ये (प्रॅक्टिसला समोरच्या टीमसारखं खेळणाऱ्यांत) तोच बाकीच्यांना जागेवर उभं करायचा. एप्रिल २०२४ मध्ये त्याला बोलावून सांगितलं की पोर्टलमधून तुझ्याच जागेवरचे दोन विंग्स येतायत, तुला मिनिटं मिळतील असं वाटत नाही. जा म्हणाले नाहीत. पण काय म्हणाले ते त्याला कळलं. त्यानं लॉकर रिकामा केला तेव्हा मी टॉवेल घड्या करत होते, त्यानं मला आमच्या स्काऊटिंगच्या नोट्सची वही दिली, म्हणाला इथेच कामाला येईल. सिस्टीम शिकलेला पोरगा बाहेर, आणि आम्ही फिल्मवर रात्र रात्र सिस्टीम येणारा पोरगा शोधतोय. ऑक्टोबरमध्ये टोनी बेनेट सीझनच्या तोंडावर निवृत्त झाले आणि आजच्या ह्या पद्धतीत आपण बसत नाही असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला हाच मुलगा आठवला.

लेफ्टी मात्र खेळला. जानेवारीपासून स्टार्टर, मॅचला तीस मिनिटं. पॉइंट्स सात-आठच, पण तो कोर्टवर असताना आणि नसताना आमच्या डिफेन्समध्ये किती फरक पडतो ते मी दर सोमवारी काढायचे आणि दर सोमवारी कोच तो कागद स्वतःकडे ठेवून घ्यायचा. त्याची आई फेब्रुवारीत एका घरच्या मॅचला आली होती, मला शोधत व्हिडिओच्या टेबलाजवळ आली, त्यानं घरी सांगितलं होतं म्हणे की एका भारतीय मुलीनं माझी फिल्म काढली होती. मिठी मारली तिनं.

मार्च २०२५ ला आमचा सीझन संपला, २४ ला पोर्टल परत उघडलं, ह्या वेळी ३० दिवस. बिगचं नाव पहिल्याच सकाळी होतं. मला संध्याकाळी एका दुसऱ्या कॉलेजच्या व्हिडिओवाल्याचा मेसेज आला, त्यांची टीम ऑफेन्सिव्ह रिबाऊंडला चौघं आत पाठवते, त्याला विचारायचं होतं की हा मुलगा आत जातो का अजून, का आमच्याकडे एक वर्ष राहून सवय मोडली. मी कोचला विचारलं की उत्तर देऊ का, तो म्हणाला दे आणि चांगलं दे. मी त्याच्या आमच्याकडच्या मॅचेसमधल्या ज्या ज्या क्लिप्सवर आम्ही लाल खूण केली होती, आत घुसला म्हणून चूक धरली होती, त्या सगळ्या काढल्या, एकतीस निघाल्या, आणि लाल खुणा पुसून पाठवून दिल्या.